घरी घेतलेल्या फॅक्टरची मोबाइल डायरी: काय लिहायचं, कसं लिहायचं, कुठे चुकतं

तीव्र हिमोफिलिया 'ए' (रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन कमी असल्याने रक्तस्राव लवकर न थांबणारा आजार) असलेल्या ४० किलो वजनाच्या मुलाला सोमवारी सकाळी ७ वाजता ५०० युनिट फॅक्टर आठ दिला, असं धरू. किलोमागे १ युनिट दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणजे इथे २५ टक्के. साध्या फॅक्टर आठचं अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) ८ ते १२ तासांचं. १२ तास धरले तर संध्याकाळी ७ वाजता साडेबारा टक्के, मंगळवारी सकाळी सव्वासहा आणि बुधवारी सकाळी दीड टक्क्याच्या आसपास. बुधवारचा डोस वेळेवर गेला, तर पातळी १ टक्क्याखाली जायच्या आत पुन्हा वर येते. तो चुकला, तर बुधवारी संध्याकाळीच ती १ टक्क्याखाली जाते, गुरुवारी सकाळी ०.४ वर येते आणि शुक्रवारी सकाळी जवळजवळ काहीच उरत नाही. लहान मुलांत फॅक्टर याहूनही लवकर संपतो.

आता गुरुवारी दुपारी खेळाच्या तासाला गुडघा भरला. केस पेपरवर लिहिलं जातं, 'प्रोफिलॅक्सिस चालू असताना ब्लीड', म्हणजे रक्तस्राव टाळण्यासाठी ठरलेल्या दिवशी फॅक्टर घेत असूनही रक्तस्राव. त्यावरून डोस वाढवायचा का, इनहिबिटर (शरीरात तयार होऊन फॅक्टर निकामी करणारी प्रतिद्रव्यं) तपासायचा का, अशी चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात त्या दुपारी मुलाच्या अंगात फॅक्टर जवळजवळ नव्हताच. बुधवारचा डोस चुकल्याची नोंद कुठेतरी असती, तर ही चर्चा पाच मिनिटांत संपली असती. डायरी ठेवायची ती यासाठी. घरच्यांची हजेरी घेण्यासाठी नाही.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवार असं वेळापत्रक असेल, तर शुक्रवार सकाळ ते सोमवार सकाळ हे ७२ तासांचं अंतर पडतं आणि रविवारी संध्याकाळी सगळे डोस वेळेवर घेऊनही पातळी १ टक्क्याखाली असू शकते. त्यामुळे ब्लीड रविवारी रात्री झालं की मंगळवारी दुपारी, याला अर्थ आहे. वार आणि वेळ नसलेली डायरी म्हणजे अर्धी डायरी.

वहीपेक्षा मोबाइल का

वही वाईट नाही. पण वहीत कोणती ओळ कधी लिहिली, हे कळत नाही. २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास छापून आला होता. जुनाट दुखणं असलेल्या ८० रुग्णांवर तो केलेला होता. काहींना कागदी डायरी दिली आणि त्या डायरीत ती कधी उघडली जाते हे टिपणारा प्रकाश-सेन्सर बसवला. रुग्णांनी भरून दिलेल्या कागदांप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या, सेन्सरप्रमाणे मात्र ११ टक्के. ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक डायरी होती, त्यांच्या ९४ टक्के नोंदी खरोखर वेळेवर झालेल्या होत्या. हिमोफिलियातही हेच होतं. ओपीडीच्या आदल्या रात्री एकाच पेनने तीन महिन्यांची पानं भरली जातात, आणि त्यात सगळे डोस सकाळी ७ वाजताच घेतलेले असतात.

मोबाइलवरच्या नोंदीला आपोआप वेळेचा शिक्का लागतो. डोस कधी घेतला आणि तो कधी लिहिला, या दोन्ही वेळा वेगवेगळ्या दिसतात. एवढा एकच फायदा असता, तरी मोबाइलच घ्यावा असं म्हटलं असतं.

कोणती डायरी निवडायची

आधी आपल्या हिमोफिलिया उपचार केंद्रात विचारा. वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाने २०१८ मध्ये जागतिक रक्तस्रावविकार नोंदवही सुरू केली आणि तिला जोडलेलं रुग्णांसाठीचं अॅपही आहे. तुमचं केंद्र त्या नोंदवहीत सहभागी असेल, तर तेच अॅप घ्यावं, कारण तुम्ही घरी भरलेलं थेट डॉक्टरांच्या पडद्यावर दिसतं. ब्रिटनमध्ये 'हीमट्रॅक' आणि ऑस्ट्रेलियात 'मायएबीडीआर' याच धर्तीवर वापरात आले. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथल्या केंद्राने दिलेलं अॅपच वापरावं. स्वतःची वेगळी डायरी ठेवली, तर एकच डोस दोन ठिकाणी नोंदला जातो नाहीतर कुठेच नोंदला जात नाही.

अॅप नसेल, तर गूगल फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट हा आपल्याकडे सगळ्यात सोयीचा मार्ग. फुकट आहे, मराठीत बनवता येतो, आणि आई, बाबा, आत्या असे तिघं वेगवेगळ्या फोनवरून भरू शकतात. अॅप निवडलं असलं, तरी पुढे काय नोंदवायचं ते तेच राहतं.

व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांना किंवा सिस्टरना 'आज फॅक्टर दिला' असा मेसेज टाकणं म्हणजे डायरी नव्हे. तो मेसेज दुसऱ्या दिवशी शेकडो मेसेजखाली जातो आणि त्यातून मोजदाद करता येत नाही.

फॉर्म कसा बांधायचा

फॉर्म एका मिनिटात भरून झाला पाहिजे. २५ प्रश्नांचा फॉर्म तीन आठवडे चालतो आणि मग बंद पडतो. प्रश्न एवढेच ठेवा:

१. भरणारी व्यक्ती. आई, बाबा, स्वतः, सिस्टर. यादीतून निवडायचं.

२. डोसची तारीख आणि वेळ. तारखेचा प्रश्न टाकून त्यात वेळही घेण्याचा पर्याय चालू करा. वेळ वेगळ्या ओळीत हाताने लिहायला लावली, तर '७' म्हणजे सकाळचे की रात्रीचे हे नंतर कळत नाही.

३. कशासाठी. नेहमीचा डोस, ब्लीडसाठी, दात काढणं, शस्त्रक्रिया किंवा फिजिओथेरपीच्या आधी, आणि चौथा पर्याय: डोस चुकला. या उत्तराप्रमाणे फॉर्म पुढच्या वेगवेगळ्या भागांत जाईल अशी सोय करा. ही फाटाफूट एक उत्तर निवडायच्या प्रश्नावर किंवा ड्रॉपडाउनवरच करता येते, चौकटीत अनेक टिक करायच्या प्रश्नावर नाही.

४. औषधाचं नाव. ड्रॉपडाउनमध्ये घरात येणारी नावंच ठेवा. केंद्रातून कधी एका कंपनीचा फॅक्टर मिळतो, कधी दुसऱ्या; कधी प्लाझ्मापासून केलेला, कधी रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुकतंत्राने बनवलेला. नाव बदललं की ड्रॉपडाउनही बदला.

५. एकूण युनिट. बाटल्या किती हे नको, युनिट हवेत. 'दोन बाटल्या' म्हणजे २५०च्या दोन की ५००च्या दोन, यावर अर्धा-दुप्पट फरक पडतो. इथे उत्तर आकड्यातच आणि ठरावीक मर्यादेतच घ्यायची अट घाला, म्हणजे ५००च्या जागी ५००० पडणार नाही. आकडे इंग्रजी कळफलकावरून भरा. देवनागरी आकडे शीट बेरजेसाठी घेईलच असं नाही.

६. बॅच नंबर आणि मुदत. टंकलेखनात इथे सर्वाधिक चुका होतात. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' सारखेच दिसतात. त्यामुळे लेबलचा फोटो जोडायची सोय ठेवा. फोटो जोडण्यासाठी भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगइन असावं लागतं आणि फोटो फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जागा खातो, हे लक्षात असू द्या.

७. किती वेळा टोचावं लागलं. एका आकड्याचा प्रश्न, पण खूप काही सांगणारा. हा आकडा १वरून ३-४वर चढत गेला, तर काही आठवड्यांत डोस चुकायला लागणार हे आधीच कळतं. शिर सापडत नाही, मूल रडतं, घरचे टाळाटाळ करू लागतात. अशा वेळी सिस्टरकडून पुन्हा शिकून घेणं किंवा पर्यायी औषधाबद्दल बोलणं, हे वेळेत करता येतं.

८. शेरा. मोकळी जागा, सक्तीची नाही.

बॅच नंबरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १९८०च्या दशकात प्लाझ्मापासून बनवलेल्या फॅक्टरमधून जगभरातल्या हजारो हिमोफिलिया रुग्णांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा संसर्ग झाला. आजची उत्पादनं विषाणू निष्क्रिय करण्याच्या प्रक्रियेतून जातात आणि कितीतरी सुरक्षित आहेत. तरीही एखादी बॅच परत मागवली गेली, तर 'ही आपण घेतली होती का' या प्रश्नाचं उत्तर फक्त बॅच नंबर देतो. हा रकाना रिकामा सोडू नका.

फॉर्म तयार झाला की दोन कामं करा. पहिलं, आधीच भरलेली लिंक तयार करा: त्यात औषधाचं नाव, नेहमीचे युनिट आणि 'नेहमीचा डोस' हे भरलेलंच येईल, रोज फक्त तारीख-वेळ, टोचण्याचा आकडा आणि फोटो. दुसरं, ती लिंक क्रोममधून फोनच्या होमस्क्रीनवर ठेवा. लिंक शोधायला चार ठिकाणी जावं लागलं, तर नोंद 'नंतर करू'वर जाते.

जोडलेल्या शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत आणि वेळ-विभाग भारतीय प्रमाणवेळ आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहा. देश अमेरिका राहिला, तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हा घोळ होतो. वेळ-विभाग चुकीचा असेल, तर शिक्क्याची वेळ काही तास मागे-पुढे पडते आणि मग सकाळचा डोस आदल्या रात्रीचा दिसतो.

डोसच्या दिवशी

नेहमीचा डोस सकाळी द्यावा. दिवसभराच्या हालचालीत, शाळेत, कामावर पातळी चांगली राहते. फोनच्या घड्याळात वारांप्रमाणे गजर लावा आणि गजराला नाव द्या: 'फॅक्टर ५००'. अॅपमधल्या आठवणीवर एकट्यावर विसंबू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय अशा अॅपना मागे बंद करून टाकते आणि सूचना येतच नाही. त्या अॅपसाठी बॅटरीची मर्यादा काढून टाकता येते. घड्याळाचा गजर मात्र सहसा दगा देत नाही.

क्रम असा ठेवा. बाटली फ्रिजमधून काढली, कोमट होऊ दिली, की मिसळण्याच्या आधीच लेबलचा फोटो काढा. नंतर फोटो काढू म्हटलं की बाटली सुयांच्या डब्याशेजारी ओल्या कापसात पडलेली असते आणि लेबल फाटलेलं असतं. मग फॅक्टर विरघळवा (बाटली हळू फिरवायची, जोरात हलवायची नाही), इंजेक्शन द्या, टोचलेली जागा दाबून धरा, सुई सुयांच्या डब्यात टाका. बटरफ्लाय सुई काढल्यापासून दहा मिनिटांत फॉर्म पाठवा. 'डोसची वेळ' म्हणजे इंजेक्शन दिल्याची वेळ, बाटली फोडल्याची नव्हे.

फॅक्टर पूर्ण गेला नाही, शिर फुटली, अर्धा डोस बाहेर सांडला, तर जेवढे युनिट अंदाजे शरीरात गेले तेवढे लिहा आणि शेऱ्यात कारण टाका. पूर्ण डोस गेल्याचं लिहिलं, तर पुढची दोन दिवसांची सगळी गणितं चुकीची.

ब्लीड झालं तर

आधी फॅक्टर, मग फोन. डोक्याला मार, मानेत किंवा घशात सूज, पोटात दुखणं, जांघेत किंवा कमरेच्या स्नायूत ठणका, यांत फॅक्टर देऊन ताबडतोब रुग्णालय गाठायचं. डायरीत नोंद केली म्हणजे डॉक्टरांना कळलं, असं समजू नये. फॉर्म किंवा अॅप रात्री दोन वाजता कोणाला उठवत नाही. फोन करावा लागतो.

नोंदीत या गोष्टी हव्यात: ब्लीड सुरू झाल्याची वेळ, जागा, डावं-उजवं धरून, आपोआप झालं की मुकामार लागून, दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि फोटो, शक्यतो दुसऱ्या बाजूच्या सांध्यासह, म्हणजे सूज तुलनेत दिसते. सुरू झाल्याची वेळ म्हणजे सूज दिसल्याची नव्हे. सांध्यात मुंग्या येणं, भरल्यासारखं, गरम वाटणं ही पहिली खूण बहुतेक मुलं ओळखतात. तीच वेळ लिहायची.

जे फक्त ब्लीड झालं की फॅक्टर घेतात, त्यांच्यासाठी 'नियमितपणा' म्हणजे हेच अंतर: ब्लीड सुरू झाल्यापासून फॅक्टर मिळेपर्यंत किती वेळ गेला. तो शक्यतो दोन तासांच्या आत मिळावा. सिव्हिलमधल्या डे-केअरला पोहोचायला एसटीने तीन तास लागत असतील, तर ते अंतर महिन्यामागून महिना शीटमध्ये दिसू द्या. दोन बाटल्या घरी ठेवायला द्या, ही मागणी करताना यासारखा पुरावा दुसरा नाही.

ब्लीड मोजताना मोठा गोंधळ होतो. एका गुडघ्यासाठी तीन दिवस रोज फॅक्टर दिला, तर ते एकच ब्लीड, तीन नाही. उपचार चालू असताना किंवा थांबवल्यापासून ७२ तासांच्या आत त्याच जागी पुन्हा वाढलं, तर ते जुनंच ब्लीड. ७२ तासांनंतर झालं, तर नवीन. यासाठी प्रत्येक ब्लीडला क्रमांक द्या (ब्लीड १, ब्लीड २) आणि त्याच्या सगळ्या डोसना तोच क्रमांक लावा. हे केलं नाही, तर वर्षाचे ब्लीड तिप्पट दिसतात. सहा महिन्यांत एकाच सांध्यात आपोआप तीन किंवा अधिक ब्लीड झाले, तर तो 'टार्गेट जॉइंट' ठरतो आणि उपचारांची आखणी बदलते. त्यामुळे 'पाय' असं लिहून चालत नाही. 'डावा घोटा' असं हवं.

डोसनंतर साधारण आठ तासांनी एक ओळ टाका: दुखणं गेलं, बरंच कमी झालं, थोडंच कमी झालं, की काहीच फरक नाही. नेहमीच्या डोसने फरक पडेनासा झाला, तर इनहिबिटर झाला आहे का, ही शंका घ्यावी लागते. पहिल्या २० एक्सपोजर दिवसांत ही जोखीम सर्वाधिक असते आणि ५०व्या दिवसापर्यंत बारीक लक्ष ठेवावं लागतं. एक्सपोजर दिवस म्हणजे ज्या दिवशी फॅक्टर दिला तो दिवस. एकाच दिवशी दोनदा दिला, तरी एकच मोजायचा. बाळाचे हे पहिले दिवस मोजता आले नाहीत, तर इनहिबिटरची चाचणी कधी करायची हेच ठरत नाही. बाळाला पहिला फॅक्टर मिळाला, त्या दिवसापासून डायरी सुरू करा.

चुकलेला डोस: सगळ्यात मोलाची ओळ

घेतलेले डोस सगळे लिहितात. चुकलेला डोस कोणीच लिहीत नाही, कारण लिहिताना अपराधी वाटतं. म्हणूनच फॉर्ममध्ये 'डोस चुकला' हा पर्याय घेतलेल्या डोसच्या बरोबरीने ठेवायचा आणि त्याच्यापुढे कारणांची यादी द्यायची: केंद्रात फॅक्टर नव्हता, आणायला जाता आलं नाही, शिर सापडली नाही, विसरलो, मूल तयार नव्हतं, प्रवासात होतो, बरं वाटत होतं म्हणून घेतला नाही, इतर.

आपल्याकडे पहिली दोन कारणं फार मोठी आहेत, आणि ती घरच्यांच्या खात्यात टाकणं हा अन्याय आहे. हिशेब बघा. आठवड्याला ३ डोस, १३ आठवडे, म्हणजे ठरलेले ३९ डोस. घेतले ३३. चुकले ६, म्हणजे १५ टक्क्यांच्या थोडे वर. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे १५ टक्क्यांपेक्षा कमी डोस चुकणारा रुग्ण नियमित, २५ टक्क्यांच्या वर चुकणारा अनियमित. म्हणजे हे कुटुंब थोडक्यात नापास. पण सहापैकी चार डोस केंद्रात फॅक्टर नसल्यामुळे चुकले असतील, तर जे मिळालं त्या ३५ पैकी ३३ त्यांनी घेतले, ९४ टक्के. असं कुटुंब शिस्तीचं आहे, अडचण पुरवठ्याची आहे. दोन्ही आकडे वेगळे लिहा: 'ठरलेल्यांपैकी किती' आणि 'मिळालेल्यांपैकी किती'. डॉक्टरांनी घरच्यांना समजावायचं की केंद्राने वरच्या कार्यालयाला पत्र लिहायचं, हे त्या फरकावरून ठरतं.

मोजताना आणखी दोन नियम पाळा. ब्लीडसाठी घेतलेले डोस या टक्केवारीत धरू नका, नाहीतर ३९ पैकी ४२ असं काहीतरी निघतं. आणि नेहमीच्या डोसच्याच दिवशी ब्लीडसाठी डोस दिला असेल, तर तो नेहमीचा डोस 'चुकला' मोजू नका. 'ब्लीडच्या डोसमध्ये भागला' असं शेऱ्यात लिहा. डॉक्टरांनी वेळापत्रक बदललं, की त्या तारखेपासून ठरलेल्या डोसचा आकडाही बदला. जुन्या आठवड्याच्या ३ डोसांवर नवे २ मोजले, तर काहीही न चुकवता तिसरा हिस्सा चुकलेला दिसतो.

'बरं वाटत होतं' हे कारण पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्यावर रागावू नये. किशोरवयात हे हमखास होतं. सुरुवातीला मांडलेलं सोमवार ते शुक्रवारचं पातळीचं गणित त्या मुलाच्या स्वतःच्या वजनाने आणि डोसने त्याच्याकडूनच करून घ्या. १३-१४ वर्षांपासून नोंद त्याच्याच फोनवर जाऊ द्या. घरच्यांनी फक्त आठवड्यातून एकदा पाहावं.

रविवारी फ्रिज मोजा

डायरी खरी आहे का, हे तपासायचा सोपा उपाय फ्रिजमध्ये आहे. मागच्या रविवारी ४ बाटल्या होत्या, आठवड्यात केंद्रातून ६ आणल्या, डायरीप्रमाणे ३ वापरल्या. म्हणजे ७ हव्यात. ६ असतील, तर एक डोस लिहायचा राहिला किंवा बाटली फुटली. लगेच आठवतं; तीन महिन्यांनी आठवत नाही. फुटलेली, मुदत संपलेली, वाया गेलेली बाटली हीसुद्धा नोंदवा. बऱ्याच केंद्रांत रिकाम्या बाटल्या परत द्याव्या लागतात, त्यांच्याशीही हा आकडा जुळला पाहिजे.

त्याच वेळी मुदत पाहा, आणि बाटल्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांच्या कप्प्यात आहेत ना, हेही. फ्रीजरमध्ये किंवा मागच्या थंड भिंतीला चिकटून ठेवलेला फॅक्टर गोठला, तर तो वापरायचा नाही. लाइट बराच वेळ गेली, तर तेही शेऱ्यात लिहा. किती तास बाहेर राहिलेलं चालतं, हे प्रत्येक उत्पादनाच्या पत्रकावर वेगळं असतं.

मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी शीटमध्ये टाका. डोस किलोवर ठरतो. ३२ किलोला ठरलेला डोस ४० किलो झाल्यावरही तोच चालू राहिला, तर एकही डोस न चुकवता मूल कमी उपचारावर असतं.

एमिसिझुमॅब घेणाऱ्यांसाठी

एमिसिझुमॅब हे हिमोफिलिया 'ए'मध्ये फॅक्टर आठचं काम करणारं, ब्लीड टाळण्यासाठीचं औषध. हे इंजेक्शन त्वचेखाली देतात: पहिले चार आठवडे दर आठवड्याला किलोमागे ३ मिलिग्रॅम, नंतर आठवड्याला दीड, दोन आठवड्यांनी ३ किंवा चार आठवड्यांनी ६ मिलिग्रॅम. डोसमधलं अंतर वाढलं की विसरणं सोपं होतं, म्हणून आदल्या दिवशी एक आणि त्या दिवशी एक असे दोन गजर लावा. फॉर्ममध्ये युनिटऐवजी मिलिग्रॅमचा वेगळा रकाना हवा. दोन्ही एकाच रकान्यात आले, तर बेरीज निरर्थक होते. टोचायची जागा (पोट, मांडी, दंड) आलटून-पालटून बदला आणि दर वेळी लिहा. ३० मिलिग्रॅम प्रति मिली आणि १५० मिलिग्रॅम प्रति मिली अशा दोन तीव्रतेच्या बाटल्या एका सिरिंजमध्ये मिसळत नाहीत. दोन टोचण्या झाल्या, तर दोन नोंदी करा. डोस चुकला, तर आठवताच घ्यायचा, पण पुढच्या डोसच्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही.

या औषधावर असताना ब्लीडसाठी बायपास औषध (इनहिबिटर असलेल्यांना फॅक्टरऐवजी देतात ते) घेतलं, तर त्याची तास-मिनिटांसह नोंद जिवाइतकी महत्त्वाची आहे. त्यातलं सक्रिय प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स २४ तास किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाला किलोमागे १०० युनिटांपेक्षा जास्त दिलं गेलं, तेव्हा रक्ताच्या गुठळ्या होण्याचे आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होण्याचे गंभीर प्रकार घडले आहेत. दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना शीटची ती ओळ दाखवा. एमिसिझुमॅबमुळे एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी) तपासणी नॉर्मल दिसते, पण त्यावरून रक्त ठीक गोठतंय असा अर्थ निघत नाही. फोनच्या लॉकस्क्रीनवर आणीबाणीच्या माहितीत हे औषध लिहून ठेवा.

मुली आणि स्त्रियांसाठी वेगळा फॉर्म

व्हॉन विलेब्रांड आजारात (हाही रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आणि हिमोफिलियाच्या वाहक असलेल्या अनेकींत मोठा त्रास पाळीचा. त्यांच्या डायरीत दोन गोष्टी: रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या दिवसात किती वेळा घ्यायच्या होत्या आणि किती घेतल्या, आणि रक्तस्रावाचे गुण. पॅड थोडा डागाळलेला असेल तर १, मध्यम ५, पूर्ण भिजलेला २०. लहान गाठ १, मोठी ५. पॅड बदलतानाच नोंद करायची. एका पाळीची बेरीज १००च्या वर गेली, तर तो अतिस्राव समजतात. 'खूप जातं' असं सांगण्यापेक्षा '२४० गुण, पाच दिवस' हे सांगितलं की डॉक्टरांकडून उत्तर वेगळं मिळतं.

नेट, फोन आणि खासगीपणा

गूगल फॉर्म नेटशिवाय पाठवता येत नाही. गावात रेंज नसेल, तर शीट्स अॅपमध्ये एक साधी शीट 'ऑफलाइन उपलब्ध' करून तिच्यात थेट लिहा. रेंज आली की ती जुळते. मात्र थेट लिहिताना वेळेचा शिक्का लागत नाही, म्हणून लेबलचा फोटो काढाच. फोटोच्या तपशिलात वेळ असते. एकाच डोसची नोंद आईने आणि बाबांनी दोघांनी केली, तर दोन ओळी दिसतात. त्यातली एक खोडू नका, शेऱ्यात 'दुबार' लिहा आणि मोजताना वगळा. उत्तरांच्या मूळ शीटमध्ये सॉर्ट करू नका, रकाने घुसवू नका. सगळी बेरीज दुसऱ्या टॅबवर करा.

फोन बदलला, हरवला, की फोनमध्येच साठवणाऱ्या अॅपमधली वर्षाची डायरी जाते. महिन्याच्या १ तारखेला शीटची एक प्रत पीडीएफ करून ठेवा. शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी ठेवू नका. घरचे आणि केंद्रातली संबंधित व्यक्ती यांच्या ईमेलनेच परवानगी द्या. मुलाच्या नावासह केस पेपरचे फोटो रुग्णांच्या ग्रुपवर टाकू नका. हा आजार घराण्याशी जोडलेला असल्यामुळे त्या एका फोटोतून बहिणीची, मावशीची माहितीही बाहेर जाते.

ओपीडीला जाताना

डॉक्टरांसमोर शंभर ओळींची शीट उघडू नका. आदल्या दिवशी एका कागदावर एवढं उतरवा: सध्याचं वजन आणि डोस, तीन महिन्यांत ठरलेले, मिळालेले आणि घेतलेले डोस, चुकल्याची कारणं आकड्यांसह, ब्लीड किती, कोणत्या सांध्यात, कोणत्या वारी, शेवटच्या डोसनंतर किती तासांनी, फॅक्टर मिळायला लागलेला सर्वांत जास्त वेळ, एक्सपोजर दिवस, शेवटची इनहिबिटर चाचणी कधी, फ्रिजमध्ये शिल्लक किती. शीट फोनवर तयार ठेवा, विचारलं तर दाखवायला. 'शेवटच्या डोसनंतर किती तासांनी' हा आकडा प्रत्येक ब्लीडपुढे लिहायला विसरू नका. ब्लीड कायम ५० तासांनंतरच होत असतील, तर डोस वाढवण्याऐवजी दोन डोसमधलं अंतर कमी करून भागेल का, हे त्यावरून विचारता येतं.